शाल-श्रीफळ नको, एक लांब टेबल हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उपयोजित कला, इंटिरियर, फॅशन, ॲनिमेशन या अभ्यासक्रमांचे निकाल लागले की सांगली-मिरजेत दर वर्षी तीच चर्चा सुरू होते: मुलांनी पुण्याची वाट धरावी की इथेच काम शोधावे? पदवीबरोबर या मुलांच्या हातून काय निसटते, यावर मात्र कुणी बोलत नाही. कॉलेजात काम भिंतीवर टाचलेले असते आणि त्याच्यासमोर उभे राहून ‘ही ओळ वाचता येत नाही’ असे तोंडावर सांगणारे कुणी ना कुणी असते. बाहेर पडल्यावर काम पाहणारा एकटा ग्राहक उरतो. तो घाईत असतो आणि त्याची सूचना बहुधा एकच असते: साहेबांचा फोटो अजून मोठा करा.

यावर उपाय म्हणून नवपदवीधरांचा कट्टा काढावा, असे अनेकांना वाटते आणि कट्टे निघतातही. पहिल्या बैठकीला चाळीस जण येतात, दुसरीला पंधरा, आणि तिसरीची तारीख ठरतच नाही. यात दोष मुलांच्या आळसाचा नसतो, बैठकीच्या मांडणीचा असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे नाटक उभे केले, तेव्हापासून ही नाट्यपंढरी. समोर मंच दिसला की आपण खुर्च्या रांगेत मांडतो. मग दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, ‘डिझाईन क्षेत्रातील संधी’ या विषयावर पाऊण तास, आभार आणि अल्पोपाहार. कुणाचेही काम कुणी पाहिलेले नसते. ज्याला आपले काम दाखवायचे होते तो पुढच्या वेळी कशाला येईल?

म्हणून पहिला नियम: मंच नको. बारा ते पंधरा जण चारही बाजूंनी उभे राहू शकतील असे एक लांब टेबल हवे, निदान जोडून ठेवलेली दोन-तीन बाके. त्यामागे कागद चिकटवता येईल अशी मोकळी भिंत हवी. पंधराच्या वर माणसे गेली की टेबलाभोवती दुसरी रांग तयार होते, आणि दुसऱ्या रांगेतला माणूस प्रेक्षक होतो. नावे जास्त आली तर दुसरा गट काढावा. पहिला फुगवू नये.

गटात सगळे एकाच शाखेचे नसावेत. सहा-सात उपयोजित कलेचे, तीन-चार इंटिरियर किंवा उत्पादन-रचनेचे, दोघे ॲनिमेशनचे, आणि आवर्जून दोन बाहेरचे: एक छापखान्यात मशीनवर उभा राहणारा, दुसरा जुना बोर्ड रंगवणारा पेंटर. हे दोघे नसले की चर्चा संगणकाच्या पडद्यापुरती राहते. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीतल्या स्वागतकमानी ज्या हातांनी रंगवल्या, त्या हातांना लांबून अक्षर कसे दिसते हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक असते. प्राध्यापकांना अधूनमधून जरूर बोलवावे, पण बैठक त्यांनी चालवू नये. ते असले की मुले पुन्हा विद्यार्थी होतात आणि गुणांची वाट पाहू लागतात.

जागा आणि वेळ हा रुक्ष भाग आहे, पण कट्टे मोडतात ते इथेच. महिन्यातून एकदा, दुसरा रविवार, दुपारी साडेतीन ते सहा. तारीख दर वेळी सर्वांना विचारून ठरवायची म्हटले की महिना विचारण्यातच जातो. दुसरा रविवार म्हणजे दुसरा रविवार, सहाच जण आले तरी. सहाला संपवण्याचे कारण साधे आहे. तासगाव, पलूस, जतकडून येणाऱ्यांना परतीची एसटी गाठायची असते आणि मुलींच्या घरून सातच्या आत फोन सुरू होतात. साडेतीनला सुरू करण्याचे कारण उजेड. ट्यूबलाइटखाली बरोबर वाटणारा रंग उन्हात वेगळा दिसतो, म्हणून छापील काम खिडकीजवळ, दिवस असताना पाहावे. विश्रामबाग सांगलीकरांना आणि मिरजकरांना मध्ये पडते, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठच्या भागात जागा ठरवणे धोक्याचे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी ३५ च्या पुढे चढू लागले की त्या महिन्याची बैठक सरळ रद्द करावी.

कॅफेत बसू नये. तिथे टेबल लहान, उजेड पिवळा आणि गाणी मोठी. शिवाय ज्याच्या खिशात त्या दिवशी दीडशे रुपये नसतात, तो काहीतरी कारण सांगून यायचे टाळतो. वाचनालयाची वरची खोली, शाळेचा चित्रकलेचा वर्ग, नाहीतर रविवारी बंद असलेल्या छापखान्याची बाइंडिंगची जागा यांतले काहीही चालेल. माणशी पन्नास रुपये, चौदा जणांचे सातशे. त्यात चहा-बिस्किटांना तीनशे, खोली उघडणाऱ्या शिपायाला दोनशे, उरलेल्या दोनशेत मास्किंग टेप, कटरची पाती आणि जाड कागद. हिशोब शंभरपानी वहीत लिहून ती वही टेबलावरच ठेवावी.

आता खरा गाभा, म्हणजे काम पाहण्याची पद्धत. एका बैठकीत चारच कामे घ्यावीत आणि प्रत्येकाला पंधरा मिनिटे द्यावीत. घड्याळ एकाच्या हातात असावे. पहिली दोन मिनिटे मांडणाऱ्याची: काम कुणासाठी, कुठे लागणार, किती छापणार, ग्राहकाने काय सांगितले. एवढेच सांगायचे, कल्पना कशी सुचली हे सांगायचे नाही. पुढची तीन मिनिटे कुणीही बोलायचे नाही, फक्त पाहायचे. ही तीन मिनिटे फार लांब वाटतात आणि म्हणूनच कुणीतरी ती मोडतो. मोडू देऊ नयेत, कारण पहिला माणूस जे बोलतो त्याच्याच मागे बाकीचे जातात. मग सात मिनिटे इतरांची आणि शेवटची तीन मांडणाऱ्याची. त्यात त्याने बचाव करायचा नाही. काय बदलणार आणि काय बदलणार नाही, ते वहीत लिहायचे. पुढच्या महिन्यात तेच काम सुधारून आणले तर पाच मिनिटे जादा.

बोलण्याचा क्रमही ठरलेला बरा. आधी ‘मला पहिल्यांदा काय दिसले’, नंतर ‘मला काय वाचता आले नाही किंवा कळले नाही’, आणि आवड-नावड अगदी शेवटी. ‘छान आहे’ या दोन शब्दांवर बंदी असावी. आपल्याकडे भिडस्तपणा एवढा की समोर बसलेल्याच्या कामाला कुणी नावे ठेवत नाही आणि बाहेर चहाच्या गाड्यावर सगळे बोलून घेतो. उलट टोकाचा त्रासही असतो. एखादा हुशार मुलगा दर कामाची खिल्ली उडवतो, सगळे हसतात, आणि पुढच्या महिन्यात दोन मुली येत नाहीत. अशा मुलाला समजावण्यापेक्षा पुढचे काम त्याचेच ठेवावे.

काम मोबाइलवर दाखवू नये. ए-थ्री आकाराची प्रिंट आणावी. पाकीट असेल तर कापून, चिकटवून, आत मूठभर तांदूळ भरून आणावे. फलक असेल तर त्यातले एक अक्षर खऱ्या मापात भिंतीवर लावावे. बोर्ड रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशोब असा की दर दहा फूट अंतराला अक्षराची उंची एक इंच धरली तर अक्षर सुखाने वाचता येते. म्हणजे रस्त्यापलीकडून, साठ फुटांवरून वाचायच्या नावाला सहा इंच. देवनागरीत हे माप मधल्या अक्षराचे धरायचे, वरची वेलांटी आणि खालचा उकार त्याशिवाय.

चार कामांनंतर वीस मिनिटे चहा आणि मग पाऊण तास एकच तांत्रिक विषय. सॉफ्टवेअर शिकवायला हा वेळ वापरू नये, ते मुले घरी बसून शिकतात. इथे असे विषय घ्यावेत जे गावातच शिकता येतात. आमच्या मते पहिला विषय हळदीचे पाकीट असावा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि बचत गटांपासून मोठ्या व्यापाऱ्यांपर्यंत सगळ्यांना पाकीट लागते. नवपदवीधराचे पहिले काम बऱ्याचदा हेच असते आणि त्यात ठरावीक चुका होतात.

पहिली चूक पारदर्शक खिडकीची. माल दिसावा म्हणून पाकिटाला मोठी खिडकी ठेवतात, पण हळदीतला पिवळा रंग देणारा घटक प्रकाशात टिकत नाही. दुकानाच्या दर्शनी फळीवर काही आठवड्यांत खिडकीतली हळद फिकी पडते आणि गिऱ्हाईक म्हणते माल जुना. दुसरी चूक खाकी क्राफ्ट कागदाची. पडद्यावर त्याच्यावर पिवळा झळाळतो. छपाईची शाई मात्र पारदर्शक असते, खालचा तपकिरी रंग तिच्यातून वर येतो आणि हळद मातकट दिसते. आधी पांढऱ्याचा थर द्यावा लागतो आणि तो प्रत्येक छापखान्यात मिळत नाही. तिसरी चूक सगळ्यांत महाग. प्लॅस्टिक फिल्मवरची मोठी छपाई सिलिंडरवर होते आणि प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. सहा रंगांची सुंदर रचना दोनशे पाकिटे विकणाऱ्या बचत गटाला दिली तर ती कधीच छापली जात नाही. अशा गटाला कोरे तयार पाऊच आणि त्यावर एक नेटका स्टिकर, हेच योग्य उत्तर. हे कॉलेजात कमी प्रतीचे काम मानतात, बाजारात मात्र त्यालाच पैसे मिळतात.

शिवाय पाकिटावर जागा आधी कायद्याला द्यायची आणि मग कलेला. मालाचे नाव, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, खाद्य परवान्याचा १४ अंकी क्रमांक, शाकाहाराचे हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ. २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम आणि अन्नसुरक्षेचे लेबलचे नियम गटातल्या दोघांनी वाचून इतरांना समजावावेत. यातले काही राहिले तर छापलेला सगळा माल अडकतो आणि बोल डिझाईन करणाऱ्याला लागतो. तासगावकडच्या बेदाण्याचा पंधरा किलोचा पुठ्ठ्याचा खोका हा पुढचा विषय ठेवता येईल. त्यावर सहसा एक-दोन रंगच असतात आणि पुठ्ठ्याच्या नाळ्यांमुळे बारीक रेघा व रंगात कोरी सोडलेली अक्षरे शाईने भरून येतात.

दुसरा विषय देवनागरीचा, आणि तो एका बैठकीत संपणारा नाही. डीटीपीच्या दुकानातून आलेला मजकूर जुन्या श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतो. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या पद्धतीच्या, फाँटमध्ये टाकला की निरर्थक चिन्हे उमटतात, म्हणून बदलून घ्यावा लागतो आणि बदलताना रफार व जोडाक्षरे तुटली नाहीत ना, हे डोळ्यांनी तपासावे लागते. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर, म्हणजे भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय, निवडला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न राहता उजवीकडे जाऊन बसते. शहरातल्या कितीतरी फलकांवर ती अजून तशीच बसलेली आहे. ल आणि श यांची हिंदी व मराठी वळणे वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी प्रमाण धरले, तरी बहुतेक फाँट आपसूक हिंदी वळण दाखवतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फाँट मराठी वळण देतो. ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हेही मोफत आहेत आणि व्यावसायिक कामाला चालतात. चोरीचे फाँट वापरून पुढे ग्राहकाला अडचणीत आणण्याची आता काहीच गरज उरलेली नाही. ओळींमधले अंतर इंग्रजीला चालते तेवढे ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. अक्षराच्या मापाच्या दीडपटीपासून सुरुवात करून मग डोळ्यांनी कमी करावे.

छापखान्यात फाइल देताना ‘कर्व्ह करून द्या’ असे सांगतात, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करायच्या. एकदा कर्व्ह केले की शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून आधी मुद्रितशोधन, मग कर्व्ह, आणि मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवायची. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर जादा रंग, चित्रे ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके), बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत. चार रंगांचा मिळून केलेला काळा बारीक अक्षरांना वापरला आणि प्लेट केसभर सरकली, की अक्षराला रंगीत सावली येते. हे ऐकून समजत नाही. तिसऱ्या किंवा चौथ्या महिन्यात बैठकीऐवजी छापखान्यात जावे आणि मशीनवाला रंग एकावर एक कसे बसवतो ते उभे राहून पाहावे. ज्यांना वाटते की हे सगळे मुंबईतच होते, त्यांनी किर्लोस्करवाडी आठवावी. शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते, आणि त्यांनी १९२० साली रेल्वे स्टेशनालगतच्या त्या कारखान्याच्या गावातून मासिक सुरू केले, जे पुढे घरोघरी गेले.

पैशांचा विषय पाचव्या महिन्याच्या आधी काढू नये. ओळख मुरण्यापूर्वी दर विचारले की सगळे खोटे सांगतात. गटाने समान दरपत्रक ठरवण्याच्या भानगडीतही पडू नये. पहिला तंटा त्यावरूनच होतो. त्याऐवजी प्रत्येकाने स्वतःचा तळ काढायला शिकावे. घरभाडे, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि संगणकाची झीज धरून महिन्याचा खर्च १८ हजार असेल आणि प्रत्यक्ष विकता येणारे तास ९० असतील, तर तासाला २०० रुपये ही नुसती खर्च भरून निघण्याची रेघ झाली. कमाई तिच्या वर सुरू होते. महिन्याचे कामाचे तास दोनशे असले तरी निम्मे फोन, फेऱ्या आणि दुरुस्त्यांत जातात, हे नव्या मुलांच्या लक्षात येत नाही.

त्याच बैठकीत एक पानी मराठी करार तयार करावा: निम्मे पैसे आधी, बदलांच्या दोन फेऱ्या, तिसरीला वेगळे पैसे, छपाईची फाइल मिळेल पण मूळ फाइल मिळेल की नाही, आणि कामाचा हक्क कुणाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. बोधचिन्ह करून देणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही हे वाचलेले असावे. ग्राहक ओळखीतलाच असतो आणि ‘कागद कशाला’ म्हणतो. ओळखीत कागद मागायला जड जाते, म्हणूनच तो छापून तयार असलेला बरा.

कट्टा थोडा नावारूपाला आला की गणेश मंडळे, वॉर्डातले इच्छुक आणि शिकवणीवाले ‘तुमच्या पोरांना प्रसिद्धी मिळेल’ म्हणत फुकट काम मागायला येतात. पहिले वर्षभर गटाच्या नावावर एकही काम घेऊ नये, पैशांचेही नाही. काम आले तर ते एका सदस्याला द्यावे. व्यवहार त्याचा, बरेवाईट त्याचे. नाहीतर पैसे कुणी घ्यायचे आणि शिव्या कुणी खायच्या, यावरच गट फुटतो.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फक्त तारीख, जागा आणि कामे मांडणाऱ्या चौघांची नावे. सुप्रभातचे संदेश सुरू झाले की लोक आवाज बंद करतात आणि मग तारीखही दिसत नाही.

नोंदणीची घाई नको. संस्था नोंदवायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात जण लागतात, महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंद होते, आणि मग दर वर्षी हिशेब तपासणी आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. सातशे रुपयांच्या वहीला एवढे ओझे पेलत नाही. शिवाय अध्यक्षपद निर्माण झाले की अध्यक्ष होऊ पाहणारेही निर्माण होतात. बैठक चालवण्याची पाळी दर तीन महिन्यांनी बदलावी. पुण्याला जाणारे जातीलच, त्यांच्या जागी नवे घ्यायचे. दिवाळीला घरी आले की त्यांनी तिथले काम टेबलावर ठेवावे.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन विनंत्या. वाचनालये आणि शाळांनी महिन्यातला एक रविवार अडीच तास खोली द्यावी. बदल्यात मुले संस्थेचे सूचनाफलक नीट वाचता येतील असे करून देतील, ही अदलाबदल रास्त आहे. आणि छापखानेवाल्यांनी मशीन लावताना वाया गेलेले ताव, म्हणजे रंग सरकलेले, शाई कमी-जास्त झालेले, कापताना चुकलेले, सगळेच्या सगळे रद्दीत घालू नयेत. महिन्याला वीस-पंचवीस ताव गुंडाळून बाजूला ठेवावेत. मुले येऊन घेऊन जातील.

आपले,
सांगली-मिरजेतील काही संकल्पनकार व मुद्रक